सेसना १४० (१९४६): झिजलेल्या गुडइयर ब्रेकचे सुटे भाग कुठे मिळतील?

शेपटीचाक | रविवार, सकाळी १०:४२

नमस्कार मंडळी,

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या ओहायोत. दोन वर्षांपूर्वी एक जुनं सेसना १४० घेतलं, १९४६ सालचं. दोन माणसं बसतील एवढंच, ८५ अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन, तिसरं चाक शेपटीखाली. माझ्या वडिलांपेक्षा हे विमान दोन वर्षांनी मोठं आहे. ते इथे आले होते तेव्हा पंखावर हात फिरवून म्हणाले, "याला नीट सांभाळ रे." ते मनात बसलंय, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

काही दिवस टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, डाव्या चाकातून खडखड येत होती. वार्षिक तपासणीला चाक उतरवलं तेव्हा कारण कळलं. या विमानावर मूळचे गुडइयरचे ब्रेक आहेत. यात डिस्क चाकाला बोल्टने पक्की केलेली नसते. डिस्कच्या कडेला दाते असतात, ते चाकाच्या आतल्या खाचांत बसतात आणि डिस्क आडवी थोडी सरकू शकते. कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा भाग, मात्र जागचा हलत नाही. त्यात एका बाजूला पिस्टन, आणि डिस्कच्या दोन्ही बाजूंना कॅरमच्या सोंगटीसारखी गोल लायनिंग, तिला इकडे पक म्हणतात. पिस्टनने दाबलं की डिस्क सरकून पलीकडच्या पकला टेकते. दाते आणि खाचा यांच्यामध्ये स्प्रिंग स्टीलच्या छोट्या क्लिपा असतात, त्यांच्यामुळे डिस्क वाजत नाही.

माझ्या डाव्या चाकातल्या दोन क्लिपा तुटून गेल्यात, एक अर्धीच उरलीय. पक पार झिजलेत. डिस्कवर गंजाचे खड्डे आहेत. उजवं चाक बरं आहे.

ऑनलाइन एका विक्रेत्याकडून क्लिपा मागवल्या. साध्या प्लॅस्टिकच्या पुडीत तीन क्लिपा आल्या, ना नंबर, ना कागद. एक तर बोटाने दाबली आणि वाकून तशीच राहिली. परत पाठवल्या. माझे मेकॅनिक सत्तरीचे आहेत. ते म्हणाले, "भाग आण, कागद आण, मी बसवतो. कागद नसेल तर हँगरमध्ये आणूही नकोस."

प्रश्न असा की हे भाग शोधत राहू, की सगळं काढून क्लीव्हलँड या ब्रँडचे ब्रेक बसवू? मूळ रूप बदलायला जीव होत नाही.

हँगर_क्र_३ | रविवार, रात्री ९:१५

शेपटीचाक, तुमच्या मेकॅनिकना माझा नमस्कार सांगा. मी ३६ वर्षं विमान देखभालीत काढली, त्यातली बरीचशी जुहूला. कागद नसलेला भाग दारातूनच परत पाठवायची सवय अंगात मुरलेली आहे.

क्लिपा शोधण्याआधी एक काम करा. डाव्या चाकाच्या खाचा मोजा. क्लिप नसताना डिस्कचे पोलादी दाते चाकाच्या हलक्या धातूवर हातोडीसारखे बसतात, टॅक्सीच्या प्रत्येक फेरीत. खाचेच्या कडा गोल झाल्या असतील, खाच रुंद झाली असेल, तर नव्या क्लिपाही महिन्या-दोन महिन्यांत तुटतील. खाच नीट स्वच्छ करून सगळ्या खाचा एकमेकींशी ताडून बघा. उजव्या चाकाशीही ताडा. चाकच गेलं असेल तर तुमचा प्रश्न क्लिपचा नाही, चाकाचा आहे.

दुसरं काम टेबलावर बसून करायचं. तुमच्या विमानाचं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे या मॉडेलचं मूळ मान्यतापत्र, ए-७६८. त्याची डेटा शीट एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या, संकेतस्थळावर फुकट मिळते. जुन्या विमानांच्या डेटा शीटमध्ये कोणती चाकं-ब्रेक मान्य आहेत ते नंबर, वजन आणि संतुलनासाठी धरायच्या अंतरासह दिलेलं असतं. लोक वर्षभर भाग शोधतात आणि डेटा शीट उघडतच नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तिसरं, सगळी लॉगबुकं आणि फॉर्म ३३७ पहिल्या पानापासून वाचा. अमेरिकेत विमानात मोठा बदल केला की ३३७ भरावा लागतो. तुमच्या विमानाला इतकी वर्षं झाली, मधल्या मालकांनी काय काय केलंय ते तिथेच सापडेल.

या तिन्ही गोष्टी झाल्या की मग बोलू.

उद्यमनगरी | सोमवार, सकाळी ७:५०

राम राम. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे, वडिलांपासूनचं. विमानातलं कळत नाही, पण स्प्रिंग स्टीलच्या क्लिपा आणि डिस्क ही रोजची कामं आहेत. नमुना पाठवा, ड्रॉइंग करून घेतो, हार्डनिंग-टेंपरिंग इथेच होतं. तुमची क्लिप बोटाने वाकली म्हणजे टेंपरिंगच नव्हतं, नुसती पट्टी कापून दिलीय. पैशाचं बघू नंतर, साताऱ्याचे म्हणजे आमचेच की.

रानपाखरू | सोमवार, सकाळी ११:२०

मी बारामतीला शिकतेय, सेसना १५२ वर. आम्हाला उड्डाणाआधीच्या तपासणीत ब्रेक "बघा" म्हणतात, पण नेमकं काय बघायचं हे कुणी नीट सांगितलेलं नाही. काका, सांगाल का?

आणि एक शंका. कारमधलं ब्रेक फ्लुइड यात का चालत नाही?

हँगर_क्र_३ | सोमवार, रात्री १०:०५

एकेकाला उत्तर देतो.

उद्यमनगरी, तुमचं मन मोठं आहे आणि हातात कसबही असणार, कोल्हापूरकरांच्या कामाबद्दल मला शंका नाही. पण क्लिप सुबक होणं हा अर्धाच भाग झाला. ती कोणत्या पट्टीची, किती कडक, किती जाड, आणि हे सगळं मूळ भागाशी जुळतं हे कोण कागदावर सांगणार? अमेरिकेत दुसऱ्याला विकण्यासाठी भाग बनवायचा तर एफएएची पीएमए नावाची परवानगी लागते. मात्र एक वाट खुली आहे. नियम २१.९ प्रमाणे मालक आपल्याच विमानासाठी भाग तयार करून घेऊ शकतो. त्यात मालकाचा खरा सहभाग हवा: ड्रॉइंग द्यायचं, धातू कोणता ते ठरवायचं, कृती सांगायची किंवा दर्जा स्वतः तपासायचा. नुसतं "एक करून द्या" म्हणून पैसे मोजले तर तो मालकाने बनवलेला भाग ठरत नाही. आणि भाग मूळ रचनेशी जुळतो हे पटल्याशिवाय मेकॅनिक सही करणार नाही. जुन्या विमानांना पर्यायी भाग आणि साहित्य कसं वापरायचं यावर एफएएचं २००९ चं एक परिपत्रकही आहे, एसी २३-२७. शेपटीचाक, तेही वाचून ठेवा.

कापड, लाकूड, खिडकीची पट्टी यासाठी मी ही वाट आनंदाने सुचवेन. ब्रेकच्या डिस्कसाठी नाही. चाकासोबत फिरणारी, तापणारी वस्तू आहे ती.

रानपाखरू बेटा, तुझ्या १५२ वर बहुतेक क्लीव्हलँडचे ब्रेक असतील. त्यांची रचना शेपटीचाक यांच्या ब्रेकच्या बरोबर उलट. डिस्क चाकाला पक्की, आणि कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. वाकून चार गोष्टी बघ.

लायनिंगची जाडी. ०.१०० इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर राहिली की बदलायची. अडीच मिलिमीटरचा ड्रिल बिट लायनिंगशेजारी धरला की नजरेला अंदाज येतो, मी वर्षानुवर्षं खिशात ठेवायचो. मग डिस्क. वरवरचा तांबूस गंज घाबरण्यासारखा नाही, दोन-तीनदा ब्रेक लावले की पुसला जातो. पण नख अडकेल असे खड्डे किंवा चर असले तर डिस्क लायनिंग किसून खाते. जुहूला समुद्राची हवा, पावसाळ्यात विमान चार दिवस उभं राहिलं तरी डिस्क लाल व्हायच्या. तिसरं, कॅलिपर हाताने पिनांवर थोडा सरकतो का. पिना गंजून अडकल्या की एकच बाजू झिजते. चौथं, खाली लाल ओल दिसते का. लाल म्हणजे हायड्रॉलिक द्रव, म्हणजे पिस्टनची ओ-रिंग गेली. यातलं काहीही दिसलं तर इन्स्ट्रक्टरना सांग आणि उड्डाण थांबव. उशीर झाला म्हणून कुणी रागावलं तरी सांग.

आता द्रवाचं. विमानात ५६०६ नावाचं लाल, खनिज तेलाचं द्रव असतं आणि त्याला साजेशा नायट्राइल रबराच्या ओ-रिंगा, एमएस २८७७५ मालिकेतल्या. कारचं डॉट ३, डॉट ४ ग्लायकॉलवर आधारलेलं, त्याला ईपीडीएम रबर लागतं. डॉट द्रव विमानात गेलं तर नायट्राइलच्या रिंगा फुगतात, मऊ पडतात, पिस्टन अडकतो. कारची रिंग विमानाच्या तेलात घातली तरी तीच गत. दिसायला दोन्ही रिंगा काळ्याच. मी एकदा एका विमानाचं मास्टर सिलिंडर उघडलं तर आतलं रबर बोटाला काळं होऊन चिकटत होतं. कुणीतरी रस्त्यावरच्या दुकानातून डॉट ४ आणून ओतलं होतं. दोन्ही बाजूंची सगळी रबरं, सगळ्या नळ्या बदलाव्या लागल्या.

लेस्टरची_सई | मंगळवार, दुपारी २:३०

काका, द्रवाच्या मुद्द्याला इंग्लंडमधून जोड देते. माझा नवरा ऑस्टर नावाच्या एका जुन्या विमानाच्या भागीदारीत आहे, पाच जणांत मिळून एक विमान. ऑस्टर मुळात अमेरिकन टेलरक्राफ्ट विमानाचंच इंग्लिश भावंड, इथेच लेस्टरशायरमध्ये बनायचं. त्याचे ब्रेक तारेने ओढले जाणारे ड्रम ब्रेक, टाचेने दाबायचे. त्यामुळे द्रवाचा प्रश्नच नाही.

पण इथल्या काही जुन्या ब्रिटिश विमानांत एरंडेल तेलावर आधारलेलं द्रव आणि नैसर्गिक रबराची सीलं असत. त्यात लाल खनिज तेल घातलं तर नैसर्गिक रबर फुगून वाया जातं. म्हणजे एकाच हँगरमध्ये दोन विमानं शेजारी उभी, आणि एकाचं तेल दुसऱ्याला विष. म्हणून आमच्या हँगरमध्ये प्रत्येक विमानाच्या टाकीवर द्रवाचं नाव रंगवलेलं आहे.

आमचे ब्रेक शू झिजले तेव्हा नवे मिळाले नाहीत. जुन्याच शूंवर नवं लायनिंग चढवून घेतलं, पण आधी इन्स्पेक्टरला विचारून, लेखी मान्यता घेऊन. तीन महिने गेले त्यात. विमान तेवढे दिवस ताडपत्रीखाली.

शेपटीचाक | शनिवार, सायंकाळी ५:१०

काका, सांगितलेलं सगळं केलं.

खाचा मोजल्या. उजवं चाक उत्तम, कडा अजून धारदार. डाव्या चाकात दोन खाचा स्पष्ट रुंद झाल्यात आणि एकीच्या कोपऱ्यात बारीक रेघ दिसतेय. मेकॅनिकनी रंग टाकून तपासली. भेगच आहे. म्हणजे तुम्ही म्हणालात तसं चाकच गेलं. क्लिपा मिळाल्या असत्या तर मी त्या याच चाकात बसवून उडालो असतो, हे मनातून जात नाही.

किड्रनला गेलो होतो, ओहायोतलंच गाव आहे. जुन्या विमानांच्या सुट्या भागांचं मोठं कोठार आहे तिथे. गुडइयरचे पक मिळाले, बंद खोक्यात, नंबरासह. चाक मात्र नव्हतं. एक जुनं होतं, त्याच्या खाचा माझ्याहून वाईट. सेसना १२०-१४० वाल्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिचा सभासद झालो. तिथल्या एका गृहस्थाने आपल्याकडच्या चार क्लिपा देऊ केल्या, पैसे नकोत म्हणाला. चाक त्याच्याकडेही नाही.

लॉगबुकांत एक नवी गोष्ट सापडली. एका जुन्या ३३७ मध्ये लिहिलंय की चाकं पुढे घेण्यासाठी एक्सलपाशी स्पेसर बसवलेत. ते का असतात?

हँगर_क्र_३ | शनिवार, रात्री ११:४०

भेग सापडली हे फार चांगलं झालं. ती उड्डाणाआधी हँगरमध्ये सापडली, ती सापडायची योग्य जागा तीच.

स्पेसरचं कारण ब्रेकशीच जोडलेलं आहे. शेपटीचाकाच्या विमानात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. सुरुवातीच्या १४० मध्ये चाकं त्या मध्याच्या फार पुढे नव्हती. जोरात ब्रेक दाबला की शेपूट उचलली जाऊन नाक जमिनीला लागायचं, पुढचा पंखा (प्रोपेलर) वाकायचा. म्हणून चाकं काही इंच पुढे नेणारे स्पेसर निघाले, आणि पुढच्या विमानांत सेसनाने चाकांचे पायच पुढे झुकवले.

हे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे, कारण माझं मत आता क्लीव्हलँडकडे झुकतंय आणि क्लीव्हलँड गुडइयरपेक्षा जोरात पकडतो. किट मागवण्याआधी स्पेसर आहेत हे विक्रेत्याला आणि मेकॅनिकना सांगा, एसटीसीची, म्हणजे मूळ रचनेतल्या बदलाला एफएएने दिलेल्या मान्यतेची, कागदपत्रं शब्दन्‌शब्द वाचा, आणि वजन-संतुलनाचा कागद नव्याने करून घ्या.

मूळ रूपाचं तुमचं दुःख मला कळतं. पण ब्रेकचं मूळ रूप म्हणजे थांबणं. एका चाकासाठी वर्षभर विमान उभं ठेवलं तर इंजिन आतून गंजेल, टायर एका जागी चपटे होतील. उभं विमान उडत्या विमानापेक्षा लवकर म्हातारं होतं.

खरेदीबद्दल दोन सूचना. पार्कर कंपनीने क्लीव्हलँडचा विभाग २०२२ मध्ये कामान कंपनीला विकला. त्यामुळे जुन्या खोक्यावर एक नाव, नव्यावर दुसरं दिसेल. दचकू नका, भागांचे नंबर तेच आहेत. आणि नंबर दोन तऱ्हांनी लिहिलेले असतात. १५० आणि १७२ ला लागणारं लायनिंग कुठे ६६-१०५ दिसेल, कुठे ०६६-१०५००. वस्तू एकच. रॅपको कंपनीचं पीएमए लायनिंग त्याच नंबरापुढे आरए लावून येतं, तेही मान्य आहे आणि स्वस्त पडतं. शोधताना सगळी रूपं टाकून शोधा, नाहीतर "उपलब्ध नाही" वाचून परत याल.

जुन्या साठ्यातल्या रबराच्या पुडीवर तारीख बघा. पत्रा पन्नास वर्षं टिकेल, रबर नाही. नायट्राइलला साठवणीत १५ वर्षं धरतात, तेही पुडी बंद आणि अंधारात असेल तर.

उद्यमनगरी | रविवार, सकाळी ८:०५

काका, पटलं. आमच्याकडे पंपाचा भाग फुटला तर पाणी वाया जातं, तुमच्याकडे माणूस. मी ते पीएमएचं वाचायला घेतलंय. एक विचारू का, भारतात हे कसं चालतं?

हँगर_क्र_३ | रविवार, दुपारी १:००

थोडक्यात सांगतो. डीजीसीएच्या, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमांप्रमाणे भागासोबत मान्य प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेतून आला तर ८१३०-३, युरोपातून आला तर ईएएसए फॉर्म १, इथल्या मान्य संस्थेकडून आला तर सीए फॉर्म १. बोल्ट, वॉशर, ओ-रिंग यांसारख्या प्रमाणित वस्तूंना उत्पादकाचं अनुरूपतेचं पत्र. भाग आला की आधी वेगळ्या कपाटात कुलपात, कागद तपासल्यावरच स्टोअरमध्ये. लायनिंग चार बोटांएवढं, पण बाहेरून मागवून कस्टममधून हातात येईपर्यंत विमान उभं. म्हणून आम्ही लायनिंग आणि पितळी रिव्हेट कधी शेवटच्या जोडीपर्यंत संपू देत नसू. लहान क्लबांना माझा हाच आग्रह असतो: डिस्क नाही तर नाही, लायनिंग, रिव्हेट आणि ओ-रिंगचे दोन संच कपाटात हवेतच. त्यांच्यासाठी शिकणाऱ्या मुलांचे तास बुडू देऊ नका.

रानपाखरू | रविवार, रात्री ८:४५

काका, आज तुमच्या चार गोष्टी बघितल्या. एका विमानाच्या उजव्या कॅलिपरखाली लाल ओल होती, पुसली तर परत आली. सरांना सांगितलं. त्यांनी ते विमान बाजूला काढलं आणि मला दुसरं दिलं. कुणी रागावलं नाही.

हँगर_क्र_३ | रविवार, रात्री ९:०२

शाब्बास.

शेपटीचाक | सात आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८:३०

क्लीव्हलँड बसवले. ३३७ भरला, वजन नव्याने काढलं, लॉगबुकात सही झाली.

द्रव भरताना खालून वर भरलं, कॅलिपरच्या निपलमधून स्वच्छ तेलदाणीने दाबत मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे हवा आपोआप वर निघून जाते. वरून ओतून पहिल्यांदा केलं तेव्हा पेडल मऊच राहत होतं.

किटसोबतचं लायनिंग ऑरगॅनिक होतं, ते तापवून पक्कं करावं लागतं हे मला माहीत नव्हतं. १७०० आरपीएमवर इंजिन ठेवून ब्रेक हलका दाबत ताशी ५ ते १० मैलांनी १५०० फूट टॅक्सी. मग १०-१५ मिनिटं थंड होऊ द्यायचं. त्यानंतर ब्रेक दाबून इंजिन वाढवून बघायचं, विमान जागेवर राहिलं की झालं. आमचं पहिल्या वेळी किंचित सरकलं, दुसऱ्या वेळी खिळल्यासारखं उभं. मेकॅनिक म्हणाले की या उष्णतेने लायनिंगवर काचेसारखा पातळ थर येतो, तो नसेल तर लायनिंग नुसतं घासून झिजतं.

आज पहिली तीन लँडिंग केली, गवतावर. काका, शेपूट पूर्ण खाली बसेपर्यंत पायाची बोटं पेडलपासून लांब ठेवली. खडखड गेली. इतके दिवस तिथे असणारा आवाज नाहीसा झाल्यावर इंजिनचा आवाजही वेगळा वाटला.

उजवं गुडइयर चाक, त्याच्या सगळ्या क्लिपा आणि न वापरलेले पक तेल लावून खोक्यात ठेवले होते. ज्यांनी मला चार क्लिपा देऊ केल्या होत्या, त्यांचंच उजवं चाक गेल्या आठवड्यात भेगाळलेलं निघालं. खोकं सोमवारी त्यांच्याकडे रवाना होतंय. आत नंबरांची चिठ्ठी आणि पकची मूळ पावती ठेवलीय.

वडिलांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी विचारलं, जुनी चाकं कुठे गेली?

लेस्टरची_सई | रविवार, सकाळी ६:५५

त्यांना सांगा, दुसऱ्या एका १४० खाली.